मोठ्या माणसांचा वर्ग कसा असावा?

खडूफळा

मंडळी, मदत हवी आहे, आणि जरा सविस्तर हवी आहे.

आयुष्यभर शाळेतल्या मुलांना शिकवलं. आता एका संस्थेने मोठ्यांच्या वर्गाची जबाबदारी दिली आहे. तिशीपासून साठीपर्यंतची माणसं, कुणाचं शिक्षण मध्येच सुटलेलं, कुणाला नोकरीत नवीन काही शिकणं भाग पडलेलं. विषय हिशेब आणि कॉम्प्युटर. अभ्यासक्रम तयार आहे, त्याची चिंता नाही.

चिंता वेगळीच आहे. आधीच्या तुकड्यांचे हजेरीपट चाळले, सगळीकडे एकच चित्र. सुरुवातीला वर्ग भरलेला आणि महिना संपेपर्यंत मागच्या खुर्च्या रिकाम्या. गेलेल्यांपैकी एकानेही तक्रार केलेली नाही. शाळेतलं मूल कंटाळलं की दंगा करतं, निदान कळतं तरी. मोठा माणूस कंटाळला किंवा दुखावला की काही न बोलता यायचा बंद होतो.

संस्थेचे लोक म्हणतात, "वातावरण चांगलं ठेवा." म्हणजे नक्की काय करू? भिंती रंगवू की सुविचार लावू? चाळिशीनंतर जे काही शिकले आहेत किंवा मोठ्यांना शिकवतात, त्यांनी हात आखडता न घेता लिहावं.

तळटीप

रुमाल टाकून ठेवतो. रात्री लिहितो.

रात्रपाळी

सर, मी अशाच एका वर्गातून गळालेला माणूस. का सोडलं असं कुणी विचारलं की "वेळ नाही हो" हे उत्तर तयार असायचं. ते अर्धंच खरं आहे. पाळी बदलली की अख्खा आठवडा हातातून जायचा हे खरं, पण वर्ग सुटला तो परत जायला वाट उरली नाही म्हणून.

झालं असं की आठवडाभर जाता आलं नाही. परत गेलो तर फळ्यावर भलतंच काहीतरी चाललेलं. शेजारच्याची वही मागावी तर तो नवखा. एवढ्यात शिकवणाऱ्यांनी भर वर्गात विचारलं, "काय साहेब, आज वाट चुकलात का?" थट्टाच केली, वाईट हेतू नव्हता. सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर काही गेलो नाही.

म्हणून माझं म्हणणं, मोठ्यांचे तास बुडणारच हे धरून वर्ग आखा. घरात आजारपण निघतं, कामावर कुणाच्या जागी उभं राहावं लागतं. दाराशी एक पान लावा: मागच्या वेळी काय झालं, आज काय आहे, मध्ये चुकलेल्यांनी कुठून धरायचं. आणि तास सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ कुणीतरी वर्गात हजर असू द्या, म्हणजे चारचौघांसमोर न विचारता विचारता येईल. भिंतीचा रंग कुठलाही चालेल.

आणखी एक. १८५५ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी आणि मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची काढली. शिकणारा कधी मोकळा असतो ते आधी बघायचं, मग वेळापत्रक करायचं. आजच्या संस्था मात्र कार्यालय कधी उघडं असतं ते बघून वर्ग ठेवतात.

जोडाक्षर

रात्रपाळी, प्रतिसाद काळजाला भिडला. "आज वाट चुकलात का" हे वाक्य शिक्षक किती सहज बोलून जातात!

तळटीप

आता सविस्तर.

रात्रपाळी यांनी "वेळ नाही" या उत्तराबद्दल जे लिहिलंय, ते या विषयातल्या अभ्यासकांनीही नोंदवून ठेवलं आहे. पॅट्रिशिया क्रॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८१ मध्ये मोठ्यांच्या शिक्षणातल्या अडथळ्यांचे तीन गट केले. परिस्थितीचे, म्हणजे वेळ, पैसा, घरची जबाबदारी. संस्थेचे, म्हणजे गैरसोयीच्या वेळा, किचकट अर्ज, नको ते विषय. आणि तिसरे मनातले: मला जमेल का, या वयात लोक काय म्हणतील, शाळेत आपण ढच होतो. पाहणीत लोक पहिल्या गटावर बोट ठेवतात, कारण ते सांगायला संकोच वाटत नाही. तिसरं कारण छापील फॉर्मवर कोण लिहून देणार? त्यामुळे खडूफळा सर, तुम्ही गळालेल्यांना प्रश्नावली पाठवलीत तर "वेळ" हेच उत्तर येणार. त्यावर विसंबून फक्त वेळापत्रक बदलाल आणि खुर्च्या पुन्हा रिकाम्या होतील.

दुसरं नाव माल्कम नोल्स यांचं. मोठ्यांचं शिकणं लहान मुलांपेक्षा वेगळं असतं, ही मांडणी १९७० च्या आसपास लोकप्रिय करण्याचं श्रेय त्यांना जातं. सारांश असा: मोठ्या माणसाला आपले निर्णय आपण घ्यायची सवय असते, त्याच्या गाठीला अनुभव असतो, जे शिकायचं ते आत्ता समोर असलेल्या अडचणीसाठी हवं असतं, आणि "हे का शिकायचं" हे आधी कळल्याशिवाय त्याचं मन लागत नाही. पुढे नोल्स यांनी स्वतःच लहान आणि मोठे ही भिंत बरीच खाली आणली. लहान मुलांनाही "का" कळलं तर आवडतंच, आणि मोठ्यांनाही कधीकधी कुणीतरी हाताला धरून शिकवावं लागतं.

इथे एक मेख आहे. कामाच्या ठिकाणी वीस माणसं सांभाळणारा माणूस वर्गात शिरला की आपोआप मागच्या बाकावर जातो, वही उघडतो आणि "सांगा काय लिहून घेऊ" असा चेहरा करतो. शाळेची सवय अंगात मुरलेली असते. "तुम्हीच ठरवा काय शिकायचं" असं पहिल्याच दिवशी सांगितलंत तर तो गोंधळतो, वर मास्तरांची तयारी नाही असंही वाटतं त्याला. स्वातंत्र्य हळूहळू द्यावं लागतं.

आडमुठा

सगळं वाचलं. छान आहे. आता थोडं कडू.

मोठ्यांच्या वर्गात "वातावरण" या नावाखाली बऱ्याचदा लाड चालतात. कुणाला काही विचारायचं नाही, चुकलं तर "हरकत नाही", केलं तर "वा वा, छान प्रयत्न". मी अशा एका वर्गाला जाऊन बसलोय. सगळे एकमेकांवर खूश. अभ्यासक्रम संपला तेव्हा ज्यासाठी गेलो होतो ते काम कुणालाच येत नव्हतं. मोठा माणूस नोकरी सांभाळून येतो, घरच्यांचा वेळ तोडून येतो. त्याला येत नसताना येतंय असं सांगणं हाही अपमानच, फक्त गोड शब्दांतला.

तुम्ही मला गोल टेबल देऊ नका, हसून स्वागत करू नका, पण मला काय येत नाही ते नेमकं सांगा. खोटं कौतुक मोठ्या माणसाला लांबूनच कळतं.

आणि याला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा. एका गटाने मजकूर पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे बरेच पुढे. म्हणजे शिकताना जे सोपं आणि सुखाचं वाटतं ते टिकतंच असं नाही. मेंदूला ओढाताण झाली पाहिजे. तुमचं ते चांगलं वातावरण ही ओढाताण काढून टाकणार असेल तर मला नको. (हलकं घ्या, पण फार हलकं नको.)

खडूफळा

आडमुठाराव, अजिबात कडू लागलं नाही. माझं घोडं तिथेच अडलंय. शाळेत मी धडा संपला की दहा मार्कांची चाचणी घ्यायचो. पन्नाशीच्या माणसासमोर चाचणीचा कागद ठेवला तर त्याचा हात थरथरेल. नाही ठेवला तर तुम्ही म्हणता तसं होईल. मधला रस्ता आहे का?

कानोसा

चाचणीचं इतर लोक सांगतील. मी खोलीबद्दल लिहिते, कारण "भिंती रंगवू का" हा प्रश्न सरांनी गमतीत विचारला असला तरी खोलीने फार फरक पडतो. माझं काम श्रवणदोषांशी संबंधित आहे, त्यामुळे कानापासून सुरुवात.

वयानुसार ऐकू कमी येतं ते आधी वरच्या पट्टीतलं. स्वर नीट ऐकू येतात, पण स, श, फ, थ, ट अशी व्यंजनं पुसट होतात. माणसाला वाटतं, "ऐकू तर येतंय, पण नीट कळत नाहीये." तो ठपका स्वतःच्या डोक्यावर घेतो. प्रत्यक्षात डोकं ठीक असतं, अर्धे शब्द तर्काने जोडण्यात त्याची शक्ती खर्च होत असते, मग हिशेब समजून घ्यायला उरतच नाही. डोक्यावर घरघरणारा पंखा, उघडी खिडकी, रस्त्याचा आवाज, रिकाम्या भिंतींवरून घुमणारा प्रतिध्वनी आणि फळ्याकडे तोंड करून बोलणारे शिक्षक, हे सगळं एकत्र आलं की मागच्या रांगेतल्या माणसाचा तास फुकट गेला समजा. तो हात वर करून "ऐकू आलं नाही" म्हणणार नाही. एकदा म्हणेल, दुसऱ्यांदा नाही.

करायचं काय? फळ्यावर लिहून झाल्यावर वळून बोला. लिहिताना गप्प राहा. कुणी प्रश्न विचारला की उत्तराआधी तो प्रश्न मोठ्याने पुन्हा सांगा, कारण पुढच्याने विचारलेलं मागे कधीच पोचत नाही. पडदे, जाड कापड, फळ्यासमोरच्या भिंतीला बोर्ड असं काही लावलं की घुमणं कमी होतं. मायक्रोफोन असेल तर वापरा. "माझा आवाज मोठा आहे, मला लागत नाही" हे वाक्य बोलणाऱ्याच्या कानाने बोललेलं असतं.

आता डोळे. चाळिशीनंतर जवळचं दिसायला चष्मा लागतो, हे सगळ्यांना माहीत. पण वर्गात काय होतं बघा: समोर फळा, हातात छापील कागद, मध्ये कॉम्प्युटरचा स्क्रीन. तीन अंतरं. प्रत्येक वेळी मान वरखाली करायची, चष्मा नाकावर सरकवायचा, हरवलेली ओळ शोधायची. तोवर शिक्षक दोन पायऱ्या पुढे. "इथे क्लिक करा, मग इथे, मग इथे" असं वेगाने शिकवणाऱ्यांनी एकदा तरी मागच्या रांगेत बसून मानांची ही कसरत बघावी. उजेडही जास्त लागतो, पण स्क्रीनवर झगमग करणारा नको. पांढऱ्या पाटीवर पिवळ्या किंवा फिक्या हिरव्या पेनने लिहिणाऱ्यांना तर मी सरळ दंड ठेवीन. छापील कागदावरची अक्षरं मोठी ठेवा, आणि ती सगळ्यांसाठी ठेवा. "ज्यांना कमी दिसतं त्यांनी मोठ्या अक्षरांचा कागद मागून घ्या" म्हणालात की कुणीही मागणार नाही.

शेवटचं, हवा. बंद खोलीत माणसं बसली की कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, खोलीत १००० च्या वर गेला की हवा पुरेशी खेळत नाही असं धरतात. दिवसभर राबून आलेला माणूस पेंगतो त्याला नेहमी विषय जबाबदार नसतो. मधल्या सुट्टीत दारं-खिडक्या उघडा, इतकंच.

रात्रपाळी

कानोसाताई, मागच्या रांगेतल्या मानेची कसरत! अगदी अगदी. मला वाटायचं मीच मंद आहे.

तळटीप

कानोसा, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

खळखळाट

नमस्कार. मी वर्गाबिर्गातली नाही, पण पंचेचाळिशीनंतर पोहायला शिकले. तिथलं एक सांगते, आडमुठादादा आणि सर या दोघांसाठीही उपयोगी पडेल.

आमच्या बाईंनी पहिल्या दिवशी तरंगायला शिकवलं नाही. आधी शिकवलं ते पाण्यात आडवं झाल्यावर पुन्हा उभं कसं राहायचं. गुडघे पोटाशी घ्यायचे, हात खाली दाबायचे, डोकं वर येतं, पाय तळाला टेकतात. छातीएवढ्या पाण्यात हे इतक्या वेळा करून घेतलं की शरीराला ठाऊक झालं, काहीही झालं तरी मी उभी राहू शकते. भीती गेली ती त्यानंतर, कुणाच्या "घाबरू नका" म्हणण्याने गेली नाही. मग मात्र बाईंनी काही म्हणजे काही लाड केले नाहीत. पाय वाकडा पडला तर लगेच सांगायच्या. आणि सांगायच्या त्या पाण्यात शेजारी उभं राहून, काठावरून ओरडून नव्हे.

कॉम्प्युटरच्या वर्गात हेच करता येईल. पहिल्या तासाला चुकीचं बटण दाबलं तर मागे कसं यायचं, काही बिघडलं तर कसं पूर्ववत करायचं, फाइल हरवली तर कुठे शोधायची, हे शिकवा. मोठी माणसं कॉम्प्युटरला घाबरतात ती "माझ्या हातून काही मोडेल" म्हणून. मोडलेलं जोडता येतं हे एकदा हाताने करून पाहिलं की पुढचं सोपं जातं.

आडमुठा

खळखळाट, हे पटलं. काठावरून ओरडणं आणि शेजारी उभं राहून चूक दाखवणं यात फरक आहे. चूक दाखवायचीच, हा माझा मुद्दा मात्र कायम.

जोडाक्षर

सरांच्या चाचणीच्या प्रश्नाकडे येते. मी प्रौढ साक्षरतेच्या वर्गांवर बरीच वर्षं काम करते.

चाचणीतून गुण काढून टाका, चाचणी ठेवा. आडमुठा यांनी सांगितलेल्या प्रयोगात फायदा आठवून लिहिण्याचा झाला, आकड्याचा नाही. तासाच्या सुरुवातीला तीन प्रश्न फळ्यावर, प्रत्येकाने आपल्या वहीत उत्तर लिहायचं, मग उत्तरं फळ्यावर, ज्याने त्याने आपली वही तपासायची. वही शिक्षकाकडे जाणार नाही, कुणाला किती आली हे कुणी विचारणार नाही. त्यातला एक प्रश्न मुद्दाम जुन्या, दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या भागावरचा ठेवा. दोन-चार वेळा झालं की लोक स्वतःच म्हणायला लागतात, "सर, तो व्याजाचा भाग पुन्हा घ्या." हात थरथरतो तो आपलं अज्ञान दुसऱ्याच्या हातात जाईल या भीतीने. कागद स्वतःकडेच राहणार असेल तर थरथरायचं कारण उरत नाही.

दुसरं, "समजलं का?" हा प्रश्न बंद करा. मोठी माणसं मान डोलावतात. न डोलावणं म्हणजे शिकवणाऱ्याचा अपमान असंही काहींना वाटतं. त्याऐवजी "यातली कुठली पायरी सगळ्यात किचकट वाटली?" असं विचारा. यात पायरी किचकट आहे असं आपणच धरलेलं असतं, त्यामुळे सांगणाऱ्याला कमीपणा येत नाही. आणि विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली होती. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबत आणि लगेच दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच उत्तर देत. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरं लांब आणि विचार केलेली यायला लागली, एरवी गप्प बसणारेही बोलायला लागले. हे संशोधन मुलांच्या वर्गातलं आहे, पण मोठ्यांना तर त्याहून जास्त वेळ द्यावा असा माझा अनुभव. पन्नाशीचा माणूस उत्तर मनात दोनदा घोळवतो, मग तोंड उघडतो. ती शांतता आपल्यालाच सहन होत नाही.

आता एक गोष्ट सांगते, कारण चांगल्या वातावरणाचं इतकं बोलकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ जॉन्स आयलंड नावाचं बेट आहे. १९५० च्या दशकात तिथे कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर वाचून दाखवण्याची अट होती. साक्षरतेचे वर्ग त्याआधीही झाले होते आणि बंद पडले होते. मोठ्या माणसांना लहान मुलांच्या बाकांवर कोंबून, लहान मुलांचीच पुस्तकं हातात दिली, तर दुसरं काय होणार?

१९५७ च्या जानेवारीत तिथे नवा वर्ग सुरू झाला. शिकवायला मुद्दामच पेशाने शिक्षिका असलेलं कुणी नेमलं नाही. ज्यांना नेमलं त्या बर्निस रॉबिन्सन ब्यूटी पार्लर चालवत. तिथे रोज बायकांशी गप्पा, त्यामुळे माणसाचं ऐकून घ्यायची सवय अंगवळणी पडलेली. वर्ग भरायचा सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत, म्हणजे पुढून बघणाऱ्याला नुसतं दुकान दिसावं. रॉबिन्सन बाईंनी शाळेचं साहित्य नेलं होतं, पण पहिल्याच दिवशी ते बाजूला ठेवलं आणि लोकांना विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला स्वतःची सही करायची होती. कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, कुणाला टपालाने वस्तू मागवायच्या होत्या. कुणाला बायबल वाचायचं होतं. बाईंनी तेच फॉर्म वर्गात आणले आणि त्यातूनच अक्षरं आणि हिशेब शिकवले. हीच पद्धत पुढे 'सिटिझनशिप स्कूल' नावाने दक्षिणेत पसरली, सेप्टिमा क्लार्क या कृष्णवर्णीय शिक्षिकेने ती वाढवली आणि हजारो लोक मतदार झाले.

खोली कसली, दुकानाची मागची बाजू. पण माणसांना बाकावर कोंबलं नव्हतं, समोरची बाई आपल्यातलीच होती, आणि जे शिकलं ते त्याच आठवड्यात वापरता येत होतं. तळटीप यांनी नोल्स यांचं जे सांगितलं ते सगळं इथे आधीच घडून गेलेलं दिसेल.

म्हणून सर, तुमच्या हिशेबाच्या वर्गात पुस्तकातली उदाहरणं पहिल्या आठवड्यात बाजूला ठेवा. लोकांना आपापल्या घरातली किंवा कामावरची हिशेबाची भानगड आणायला सांगा. आकडे बदलून आणा म्हणावं, खासगी काही उघडं पडायला नको.

खडूफळा

जोडाक्षरताई, वही शिक्षकाकडे जाणार नाही ही कल्पना मी उद्यापासून वापरणार. एवढ्या वर्षांत सुचली नव्हती.

आता एक विचारतो. अनुभव हे भांडवल आहे असं सगळे म्हणता. पण अनुभवच आडवा आला तर? "आम्ही वीस वर्षं असंच करतोय" म्हणणारा एक प्रत्येक तुकडीत असतो, आणि तोच सगळ्यात जास्त बोलतो.

तळटीप

असतो, आणि नुकसान दुहेरी होतं. त्याचं स्वतःचं होतं, कारण जुनी रीत मोडायची म्हणजे वीस वर्षांच्या मानावर घाला. आणि बाकीच्यांचं होतं, कारण त्याच्यापुढे कुणी बोलत नाही.

त्याची रीत चूक ठरवायला जाऊ नका. तीच रीत वर्गासमोर मांडायला सांगा, मग असं उदाहरण द्या जिथे ती अडते. अडलेली तो स्वतः बघेल. "तुमची पद्धत इथपर्यंत चालते, इथून पुढे काय करायचं?" असं विचारलंत तर पुढचं शिकायला तो तयार होतो. बाकीच्यांसाठी तिघा-तिघांचे गट करा आणि दर आठवड्याला बदला. मोठ्या वर्गात न बोलणारा माणूस तिघांत बोलतोच.

अवांतर: "या वयात डोक्यात शिरत नाही" म्हणणाऱ्यांना लंडनच्या टॅक्सीचालकांचं उदाहरण द्यावं. परवान्यासाठी त्यांना शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. ज्यांनी तो अभ्यास पूर्ण केला त्यांच्या मेंदूत जागा लक्षात ठेवणारा भाग वाढल्याचं संशोधकांना दिसलं, २०११ च्या अभ्यासात तर शिकण्याआधीचे आणि नंतरचे स्कॅन ताडून. ही सगळी मोठी माणसं होती. उतारवयात वेग कमी होतो हे खरं. शब्दसंपत्ती, जगाची जाण आणि अनुभवातून आलेलं शहाणपण मात्र बऱ्याच उशिरापर्यंत शाबूत राहतं. त्यामुळे घड्याळ लावून स्पर्धा घेऊ नका, एवढंच.

वायफळ

सगळे खोलीबद्दल बोलताय, पण आता अर्धे वर्ग ऑनलाइन असतात. तिथे माझा अनुभव असा की, एकटं पडणं ही तिथली सगळ्यात मोठी अडचण. घरबसल्या करायच्या मोफत अभ्यासक्रमांत नाव नोंदवणाऱ्या दहांमधला एखादाच जेमतेम शेवटापर्यंत पोचतो. काही जण नुसतं डोकवायला येतात हे मान्य. तरी.

ब्रिटनमधल्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ मध्ये दूरशिक्षण सुरू केलं तेव्हा प्रवेशाला आधीच्या परीक्षेची अट ठेवली नाही, कार्यक्रम दूरदर्शनवर आणि रेडिओवर, पुस्तकं टपालाने. पण प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक शिक्षक होता, जो पाठवलेल्या गृहपाठावर हाताने शेरे लिहून परत पाठवायचा. आता व्हिडिओ कितीतरी चांगले झाले, पण तो शेरे लिहिणारा माणूसच गायब झाला.

ऑनलाइन शिकवणाऱ्यांना तीनच विनंत्या. कॅमेरा सुरू ठेवायची सक्ती करू नका, मागे कुणाचं घर कसं आहे ते कुणाला दाखवायचं नसतं. प्रश्न फक्त शिक्षकाला दिसेल असा लिहायची सोय ठेवा. आणि रेकॉर्डिंग द्या पण त्याच्या भरवशावर सोडू नका, "नंतर बघू" म्हणून साठवलेलं नंतर कुणी बघत नाही.

कानोसा

वायफळ, +१. आणि सबटायटल द्या हो व्हिडिओला! बोललेलं खाली लिहून येतं तेव्हा ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचं काम होतंच, पण घरात मूल झोपलंय म्हणून आवाज बंद करून बघणाऱ्या आईचंही होतं.

आडमुठा

पहिल्या दिवशीच्या ओळख परेडबद्दल कुणी लिहिलं नाही. "प्रत्येकाने उभं राहून नाव, शिक्षण आणि इथे का आलात ते सांगा." ज्याचं शिक्षण सुटलंय त्याच्यासाठी हे म्हणजे सुरुवातीलाच जखमेवर मीठ. शेजाऱ्याशी बोलू द्या, नाव कागदावर लिहून समोर ठेवू द्या, पुरे. माझ्यासारख्या लाडांच्या विरोधकालाही एवढं कळतं.

जोडाक्षर

आडमुठाराव, तुम्ही मनाने मऊ आहात हे आता सगळ्या धाग्याला कळलं.

आडमुठा

अफवा आहे.

खडूफळा

मंडळी, तुम्ही दिलंत त्यावर सहा महिने पुरतील एवढं काम आहे. सध्या ठरवलं ते असं: दाराशी पान, तासाआधी मी हजर, तीन प्रश्न आणि वही ज्याची त्याच्याकडे, पहिला तास "बिघडलेलं पूर्ववत कसं करायचं" यावर, तिघांचे गट. फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय मोडायला मात्र वेळ लागेल. पिवळं पेन फेकून दिलं.

शेवटचा प्रश्न रात्रपाळी यांना. संस्थेला हजेरी हवीच आहे, त्यावर प्रमाणपत्र ठरतं. हजेरी कशी घेऊ?

रात्रपाळी

घ्या सर, पण नाव पुकारून नको. दाराशी वही ठेवा, येणारा सही करेल. सलग दोन तास कुणाची सही दिसली नाही तर त्याला फोन करा. "का आला नाहीत" विचारू नका. आपण कुठपर्यंत आलोय आणि पुढच्या तासाला काय आहे, एवढं सांगा.

आणि फोन तुम्हीच करा. कार्यालयातून आला तर फीसाठी आलाय असं वाटतं.